पर्यायअप्पा

अप्पांच्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असतात. लाल रिफिलचं बॉलपेन, रबरबँड लावलेला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि घड्यांवर चिरत चाललेली स्वतःच्या लग्नाची पत्रिका. बायकोवरच्या प्रेमापोटी पत्रिका जपणारे नवरे मी ऐकले आहेत (पाहिलेला एकही नाही), पण अप्पांचं कारण वेगळं आहे. त्या पत्रिकेत 'आशीर्वाद'मधली 'शी' ऱ्हस्व पडली आहे. अप्पा ज्या छापखान्यात मुद्रितशोधक होते तिथेच पत्रिका छापलेली, प्रूफ वाचणारा खुद्द नवरदेव, आणि चूक सुटली. "त्या दिवशी लक्ष जागेवर नव्हतं," असं ते आजही सांगतात. स्वयंपाकघरातून काकू म्हणतात, "नंतर जागेवर आलं ते उठलंच नाही."

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत त्यांना पर्यायअप्पा म्हणतात. दुकानाच्या पाट्यांवरच्या वेलांट्या सुधारत फिरणारा एक माणूस प्रत्येक मराठी वस्तीत असतो, त्यात नवल नाही. अप्पा त्या पायरीवर थांबत नाहीत. तुम्ही शुद्ध बोललात तरी सुटका नाही. तुम्ही एक शब्द वापरलात की अप्पा त्याच्या शेजारी त्याचे तीन भाऊ उभे करतात आणि त्या तिघांतला एकही इथे का चालला नसता, हे सांगतात. म्हणजे तुमचा शब्द बरोबर होता, असं अर्ध्या तासानं सिद्ध होतं. तोवर तुमची लोकल गेलेली असते.

त्यांच्यासमोर 'समानार्थी' हा शब्द काढू नये. "समान अर्थ असता तर दोन शब्द कशाला पोसले असते लोकांनी? पर्याय म्हणजे पाळी. एकाची पाळी संपली की दुसरा कामावर येतो. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा उभा करा, झोपेल तो." अप्पांचं सगळं भाषाशास्त्र एवढंच, आणि मला तरी ते पुष्कळ वाटतं.

पण अप्पांचा खरा प्रांत एकच: कल्पना. या एका शब्दाची भावकी गोळा करण्यात त्यांची हयात गेली. त्याचं मूळ शाळेच्या गाइडांत आहे. त्यांचा छापखाना कादंबऱ्या-बिदंबऱ्या छापत नसे. त्याचं पोट गाइडांवर चाले. मराठीच्या गाइडात शेवटी निबंध, आणि निबंधांत शेवटी 'कल्पनाप्रधान' निबंध. 'परीक्षा नसत्या तर', 'आरसा नसता तर', 'मी मुख्याध्यापक झालो तर' आणि या सगळ्यांचा बाप, 'सूर्य उगवला नाही तर'. अप्पांनी नोकरीभर दर जूनच्या आधी या सूर्याचं प्रूफ तपासलं. खिळे गेले, ऑफसेट आलं. कंपोझिटर गेले, डीटीपी करणाऱ्या मुली आल्या. सूर्य काही उगवला नाही. मजकूर तोच. पोरांच्या पिढ्याच्या पिढ्यांनी तोच अंधार पाठ केला, त्याच पाखरांची किलबिल बंद पाडली आणि शेवटच्या परिच्छेदात आईच्या त्याच हाकेनं त्यांना जाग आली. परीक्षकही त्याच गाइडावर वाढलेले, त्यामुळे गुणही तेच.

एका वर्षी अप्पांनी मालकांपुढे प्रूफ ठेवलं. 'कल्पनाप्रधान'वर काट मारून समासात 'पाठांतरप्रधान' असं लिहिलेलं होतं. मालक म्हणाले, "अप्पा, तुम्ही वेलांट्या बघा." त्या संध्याकाळी अप्पांनी पहिली चिठ्ठी लिहिली.

मग चिठ्ठ्यांना अंत राहिला नाही. मोल्सवर्थचा १८३१चा कोश आणि त्याची १८५७ची वाढवलेली आवृत्ती ते ग्रंथालयात बसून वाचत. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात विभाग त्यांनी हप्त्यांनी घेतले. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या सात विभागांत एक शिलाई मशीन, दोन पैठण्या आणि एक महाबळेश्वर आहे. आणि आजोबांच्या वेळचा, निर्णयसागर छापखान्याचा अमरकोश घरात होताच. कल्पनेचा हत्ती सापडला तो त्यातच.

हे हत्तीचं प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण आमच्या सोसायटीच्या कारभारावर त्याचा कायमचा परिणाम झाला. अमरकोशात क्षत्रियवर्ग नावाचा भाग आहे. त्यात राजा, सैन्य, हत्ती, घोडे, त्यांचं सामानसुमान यांचे शब्द आहेत. तिथे हत्तीला बांधायच्या पट्ट्याच्या शेजारी 'कल्पना' हा शब्द निवांत बसलेला आहे, 'सज्जना'चा जोडीदार म्हणून. अर्थ: स्वारीसाठी हत्ती सजवणं. मुळात 'कॢप्' या धातूचा अर्थच जुळवणं, सज्ज करणं, बेतानं बसवणं असा. मनातल्या मनात भराऱ्या मारण्याचं काम या शब्दानं बरंच नंतर पत्करलं.

अप्पांना हा शोध लागला त्याच महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा होती. ए विंगमधले एक उत्साही सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे एक कल्पना आहे." मागच्या रांगेतून अप्पांनी विचारलं, "हत्ती कुठाय?"

सभेला काही कळेना. अप्पांनी अमरकोश काढला. कल्पना म्हणजे नुसती झूल नव्हे, झूल ज्याच्यावर घालायची तो प्राणी आधी दारात पाहिजे. तुमच्याकडे पैसा, माणूस, जागा यांतला कुठला हत्ती आहे ते सांगा, मग सजवायला आम्ही येतो. उत्साही सभासदांची कल्पना गच्चीवर कारंजं बसवण्याची होती आणि आमच्या गच्चीवर टाकीतसुद्धा पाणी चढत नाही. ते खाली बसले. तेव्हापासून आमच्याकडे कोणी काही सुचवलं की लहान पोरंसुद्धा "हत्ती आहे का?" म्हणून विचारतात. इतिवृत्तात एकदा 'सदर सूचना हत्तीअभावी स्थगित' असं लिहिलं गेलं. लेखापरीक्षकानं त्यावर प्रश्नचिन्ह काढलंय. ते अजून तसंच आहे.

दुसरा शोध 'कल्पक' या शब्दाचा. संस्कृत कोशांत कल्पक म्हणजे केस कापणारा, हजामत करणारा असाही अर्थ आहे. 'कल्पनी' म्हणजे कात्री. इथेही मूळ तेच, बेतानं नीट करणं. अप्पांनी ही बातमी ताबडतोब आपल्या सलूनवाल्याला दिली. तो कात्री हातात धरून क्षणभर थांबला. "म्हणजे आपण ओरिजिनल?" "मूळचे," अप्पांनी दुरुस्ती केली. पंधरवड्यात पाटी बदलली: 'कल्पक जेन्ट्स पार्लर'. रस्त्यापलीकडे एका जाहिरात कंपनीच्या फलकावर 'कल्पक तरुण-तरुणी पाहिजेत' असं लागलं तेव्हा सलूनवाल्यानं प्रामाणिकपणे अर्ज केला की काय, ते अप्पा सांगत नाहीत. हसतात मात्र.

चिठ्ठ्यांवरची सगळी भावकी अप्पांनी आमच्या दोन विंगांत वाटून टाकली आहे. मोटर बिघडली की बाटलीचं बूच आणि सायकलची ट्यूब यांच्यावर आठवडा काढणारा आमचा वॉचमन: युक्ती. वर्षभर मेंटेनन्स न भरता थकबाकी नसल्याचा दाखला मिळवणारे बी विंगमधले गृहस्थ: शक्कल. दोन्हींत फरक काय? "युक्ती चार लोकांच्या उपयोगी पडते, शक्कल एकाच्याच." दर गणेशोत्सवात काहीतरी नवं काढणारी तरुण मंडळी: टूम. "टूम निघते. ती तडीस जात नाही. गेली तर तिला उपक्रम म्हणतात." शेअरबाजारात पैसे घालून जिना चढता चढता लोणावळ्याला बंगला बांधणारे निवृत्त बँकवाले: मनोराज्य, बाजार पडलेला असेल त्या दिवशी तेच शेखमहंमदी. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा उशिरापर्यंत का जळतो, यावर एकट्यानं विचार केला तर तर्क, दोघांनी केला तर अटकळ, आणि संध्याकाळी बाकावर चार ज्येष्ठ नागरिक जमले की कुतर्क.

वॉचमनला या क्रमवारीत सगळ्यात वरची जागा आहे. त्याला ती माहीत नाही. त्याला पगारवाढ हवी आहे.

पहिल्या मजल्यावरच्या कविता करणाऱ्या बाईंना अप्पांनी 'तरंग' दिलं. बाई वाचन असलेल्या. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' (१९३१) अप्पांकडूनच नेलेलं, परत न केलेलं. त्या म्हणाल्या, "लहर नाही म्हणालात, हे उपकार. पण मग प्रतिभा कुठे ठेवलीत?" अप्पा म्हणाले, "ती जागा रिक्त आहे. जाहिरातही दिलेली नाही." बाईंचं नाव प्रतिभा. त्या अजून अप्पांशी बोलत नाहीत. पुस्तक तर आता येतच नाही.

खरं तर नावांचा हा विषय अप्पांचा लाडका. बुद्धीच्या घरातले झाडून सगळे शब्द आपल्या लोकांनी मुलींना देऊन टाकले, हे त्यांचं निरीक्षण: कल्पना, प्रतिभा, प्रज्ञा, मेधा, मनीषा, स्मृती. मुलग्यांच्या वाट्याला विवेक आला, क्वचित संकल्प. तर्क हे नाव महाराष्ट्रात कोणी पोराला ठेवत नाही. अनुमान तर नाहीच. "शाळेत हजेरी घेताना बरं वाटलं असतं," अप्पा म्हणतात. "'तर्क आहे का?' 'नाही, गुरुजी.'"

त्यांच्या स्वतःच्या लग्नात यावरूनच खोळंबा झाला होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे भटजींनी ताम्हनात तांदूळ पसरले आणि वधूचं नवं नाव अंगठीनं लिहायला सांगितलं. अप्पांनी अंगठी हातात घेतली आणि विचारात पडले. कल्पना? डोळ्यांसमोर गाइडातला तो न उगवणारा सूर्य आला. प्रतिभा? फार जबाबदारीचं नाव, रोज काहीतरी नवं करून दाखवावं लागेल. मेधा? मेधा म्हणजे धारण करणारी बुद्धी, एकदा कळलेलं कधी न विसरणारी. संसाराच्या पहिल्याच दिवशी हे ओढवून घ्यावं का? मनीषात इच्छा येते, इच्छेत खर्च येतो. भटजींनी घड्याळ पाहिलं, मावशींनी घसा खाकरला, पंक्तीत पानं वाढून झाली होती. शेवटी नवरी खाली मान घालूनच म्हणाली, "अहो, माझं आहे तेच लिहा. त्यात तरी ऱ्हस्वदीर्घ नाही."

काकूंचं नाव कमल आहे. अप्पांनी त्या दिवशी मनातल्या मनात युक्तीच्या वर एक नवी पायरी घातली आणि त्या पायरीला अजून शब्द सापडलेला नाही, असं काकू घरात नसताना ते सांगतात.

अप्पांच्या स्वतःच्या अंगात कल्पनाशक्ती कितपत, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार केले आहेत: रचणाऱ्याची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. अप्पा स्वतःला दुसऱ्या वर्गात धरतात, तेही हंगामी. राजशेखराकडेच त्यांना वाचकांची एक जात मिळाली, सतृणाभ्यवहारी: धान्याबरोबर गवतही खाणारे, म्हणजे पुढे येईल ते निवड न करता गिळणारे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी रात्री काही पुढे ढकललं की सकाळी त्याखाली अप्पांचा एकच शब्द असतो. निम्म्या लोकांना ती पदवी वाटते. दोघांनी आभारही मानले आहेत.

कल्पना करायला मात्र ते साफ नकार देतात. डोळे तपासायला गेले तेव्हा चष्मेवाल्यानं शेवटची ओळ दाखवून विचारलं, "अंदाजे सांगा, काय असेल?" अप्पा म्हणाले, "अंदाजे सांगायचं तर मी इथे कशाला येऊ?" मग त्यांनी त्या बिचाऱ्याला बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग सांगितला. प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेपासून मोकळं ज्ञान. नाव, जात, ओळख असलं काही चिकटवण्याच्या आधीचं. मला खाली एक काळं काहीतरी दिसतंय, हे प्रत्यक्ष. ते 'ठ' आहे म्हटलं की माझं चिकटवणं सुरू झालं. बाहेर रांग होती. चष्मेवाल्यानं नंबर वाढवून दिला. त्या चष्म्यातून अप्पांना आता जिना जरा जवळ दिसतो, पण तत्त्वासाठी माणूस एवढं सोसतो.

पण 'कल्पना' या शब्दानं अप्पांचा खरा छळ मांडला तो नोटीस बोर्डावर. एखादा शब्द मुक्कामाला राहून राहून पार उलटा होतो, त्याचं मराठीतलं हे ठळक उदाहरण. कवीची कल्पना म्हणजे जे नाही ते. आणि 'मला कल्पना आहे' म्हणजे मला माहीत आहे. 'आम्हाला कल्पनाच दिली नाही' या वाक्यावर महाराष्ट्रात जितके रुसवे झाले, मानपान अडले आणि विहिणी मांडवातून परत फिरल्या, तितके हुंड्यावरूनही झाले नसतील. तिथे कोणाला काव्य हवं नव्हतं, चार दिवस आधी निरोप हवा होता. अप्पांचं सूत्र आहे: ज्याला कल्पना आहे त्याला माहीत आहे, आणि ज्याची ती कल्पना आहे त्याला माहीत नाही.

आमच्या सेक्रेटरींनी एकदा बोर्डावर लावलं: 'उद्या पाणी येणार नाही याची सर्व सभासदांना कल्पना देण्यात येत आहे.' अप्पांनी खाली लाल शाईनं लिहिलं: 'पाणी येणार नाही ही कल्पना असल्यास, वस्तुतः पाणी येईल असे समजावे काय? खुलासा व्हावा.' खुलासा होईपर्यंत अर्ध्या बी विंगनं पाणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या घरी बादल्या घेऊन आठ जण आले. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं, आणि प्रत्येकाला चहाही. अप्पा आतल्या खोलीत 'वस्तुतः' तपासत होते.

आता पुनर्विकास आला आहे. डोंबिवलीत जुनी इमारत आणि पुनर्विकास यांची गाठ पडायचीच. बिल्डरचे प्रतिनिधी आले, गच्चीवर पडदा लागला, चित्रं सुरू झाली. चोवीस मजले, पायथ्याशी निळाशार जलतरण तलाव, भोवती नारळासारखी पण नारळ नसलेली झाडं, आणि त्या झाडांखालून चालणारं एक गोरं कुटुंब, जे आमच्या सभासदांपैकी कोणाचंही नातेवाईक नव्हतं. लोक हरखून गेले. "छत्तीस महिन्यांत प्रकल्प पूर्ण," प्रतिनिधी म्हणाले. अप्पा पुटपुटले, "प्रकल्पात कल्प आहे. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, चारशे बत्तीस कोटी वर्षं. छत्तीस महिने म्हणजे सवलतीच्या दरात आहे." मग त्यांनी खिशातून भिंग काढून माहितीपत्रकाच्या तळाशी धरलं. तिथे मुंगीच्या टाइपात छापलं होतं, की चित्रांतील सुविधा कलाकाराच्या कल्पनेनुसार आहेत.

अप्पा उभे राहिले. "हा तलाव कल्पित आहे, संकल्पित आहे, प्रस्तावित आहे की नियोजित?"

"काका, सेमच आहे ना सगळं."

गच्चीवर एकदम शांतता झाली. हे वाक्य आमच्याकडे पाहुण्यांनासुद्धा आधी सांगून ठेवलेलं असतं. अप्पा मात्र कमालीचे मऊ झाले, आवाज खाली आला. "कल्पित म्हणजे नाहीच. संकल्पित म्हणजे तुमच्या मनात आहे. अर्थसंकल्पात असतं तसं. प्रस्तावित म्हणजे कागदावर आहे, पण 'हो' दुसऱ्यानं म्हणायचंय. नियोजित म्हणजे त्याचे पैसे बाजूला काढलेत. आता सांगा, यातल्या कितव्यात पाणी आहे?"

प्रतिनिधींनी कपाळ पुसलं. "काका, हे फक्त तुम्हाला आयडियाची कल्पना यावी म्हणून…"

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. या शब्दांवर शुद्धिवादी लोक खवळतात. २०१०मध्ये याच नावाचा सिनेमा आला तेव्हा पाटी पाहून आमच्या बाकावरचे एक गुरुजी दोन दिवस बोलले नव्हते. पण अप्पांचा चेहरा उजळला. ते सभेकडे वळून म्हणाले, "ऐका. आज संध्याकाळपासून हे पहिलं काटेकोर वाक्य बोलले. आयडिया नाहीये. ती असती तर कशी असती, याची नुसती कल्पना आहे. बरोबर बोललात. बसा."

प्रतिनिधी उभेच होते, त्यामुळे ते खरोखर बसले. जरा वेळानं म्हणाले, "मी सरांशी बोलून तलावाबद्दल तुम्हाला कल्पना देतो."

"कल्पना नको," अप्पा म्हणाले. "लेखी द्या."

दहा दिवसांनी पत्र आलं. त्यात तलाव 'नियोजीत' होता. अप्पांनी 'जी' ऱ्हस्व केली, दोन ठिकाणी अनुस्वार दिले, 'सदरहू'ला काट मारली, 'शक्य झाल्यास' या शब्दांखाली दुहेरी रेघ ओढून समासात 'कोणाला?' असं विचारलं आणि पत्र परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा 'शक्य झाल्यास' गेलं होतं, पण तलावाची लांबी गळली होती. तीही समासात मागून घेतली. सध्या तलाव तिसऱ्या प्रुफात आहे. बिल्डरकडून रोज फोन येतो, काकू तो उचलतात आणि सांगतात की प्रिंट ऑर्डर अजून दिलेली नाही.